एकशे चौऱ्याऐंशी फळ्या

मला आमच्या समितीची किळस येते, आणि मी त्याच समितीचा चिटणीस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं स्वतःला वगळून सगळ्यांना नावं ठेवली. पण हे लिहायला बसलोय ते मिस्त्रींसाठी. समितीबद्दल चांगलं लिहायला समिती समर्थ आहे, आणि ती ते दर महिन्याला छापूनही घेते.

मिस्त्रींना सगळे गुण्यामिस्त्री म्हणत. गुण्या म्हणजे सुतारांचा काटकोन. तो त्यांच्या पिशवीत असायचा आणि पिशवी नसेल तेव्हा डोक्यात असायचा. कुणाच्या घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची हलवून बघणार. भिंतीवरचा आरसा तिरका दिसला की बोलता बोलता उठून सरळ करणार. चुलत सासरे दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, तर हे भेटायला गेले आणि खाटेचा एक पाय आखूड आहे म्हणून खाली चिपाट ठोकून आले. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात की ताटावर बसले तरी आधी ताटाच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि मगच जेवायला लागायचे. "चाळीस वर्षं झाली, ताटाला लाकडाची कूस अजून एकदाही निघालेली नाही," असं त्या म्हणायच्या.

मुलीसाठी एक स्थळ बघायला गेले होते, तिथलीही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं गोड बोलणारी. निघताना त्या घराचं दार अडकलं. मुलाच्या वडिलांनी सराईतपणे त्याला गुडघा लावला आणि ते उघडलं. मिस्त्रींनी विचारलं, "कधीपासून अडकतं?" ते म्हणाले, "बारा-पंधरा वर्षं झाली असतील." घरी येऊन मिस्त्रींनी नकार कळवला. पंधरा वर्षं दाराला गुडघा लावणाऱ्या घरात माझ्या मुलीचं काही बिनसलं तर ते कोण दुरुस्त करणार, असं त्यांचं म्हणणं. लोक हसले. मुलगी पुढे दुसरीकडे दिली, आणि तिचं उत्तम चाललंय.

लहानपणी मिस्त्री खोकी ठोकण्याच्या कारखान्यात होते. फळांची खोकी, साबणाची खोकी, दिवसाला साठ. पाच वर्षं त्यांनी नुसते खिळे मारले. मग एका म्हाताऱ्या सुताराकडे गेले तेव्हा त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर हातोडी काढून घेतली. वर्षभर सांधे करायला लावले, खिळ्याशिवाय. तिथून हा माणूस जो बदलला तो बदलला. गावातल्या निम्म्या दारा-खिडक्यांना त्यांचा हात लागलेला आहे. आमच्या घरचं एक कपाट त्यांनीच केलंय, ते बोटानं उघडतं.

आता घराकडे येतो. हे घर एका डॉक्टरीणबाईंचं. गावातल्या पहिल्या डॉक्टरीणबाई. पुढच्या हॉलमध्ये त्यांचा दवाखाना होता. चाळीस वर्षं बायका तिथे बाळंत झाल्या. हॉलला लाकडी तक्तपोशी होती, म्हणजे छताच्या तुळयांना खालून फळ्या मारून केलेलं आच्छादन. मिस्त्री तिथेच जन्मले, मीही तिथेच. आमचे अध्यक्ष भाषणात म्हणतात की निम्म्या गावानं डोळे उघडल्यावर पहिल्यांदा पाहिलं ते हे छत. वहिनी म्हणतात की जन्मल्या जन्मल्या पोराला काहीसुद्धा दिसत नसतं. पण अध्यक्षांना कोण सांगणार.

बाई गेल्यावर घर तीस वर्षं बंद होतं. आम्ही पहिल्यांदा आत गेलो तेव्हा घोटाभर वटवाघळांची लेंडी होती आणि बाळंतिणीच्या खाटेवर कबुतर मरून पडलं होतं. त्या वासानं मला तिथेच ओकारी आली. नगरपालिकेला ते पाडून गाड्या उभ्या करायला जागा करायची होती. आम्ही समिती काढली, सह्या गोळा केल्या, पाच वर्षं हेलपाटे घातले. शेवटी लेखी मिळालं की अमुक तारखेच्या तपासणीला पुढचा हॉल आत जाण्याजोगा दुरुस्त दिसला, तर घर संग्रहालयासाठी समितीकडे द्यायचं. नाही दिसला तर पाडायचं.

हॉलच्या तुळया वाळवीनं पोखरल्या होत्या. त्या बदलायच्या तर आधी तक्तपोशी उतरवायला हवी. फळ्या मात्र जुन्या सागाच्या, ठणठणीत. मिस्त्री समितीचे सभासद, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. शिडीवर चढून त्यांनी दोन तास नुसतं बघितलं आणि खाली येऊन सांगितलं की हॉल गुण्यात नाही. चारही कोपरे वाकडे आहेत. त्यामुळे प्रत्येक फळी तिच्या तिच्या जागेपुरती तासलेली आहे, एक टोक रुंद, एक अरुंद. एकीच्या जागी दुसरी बसणार नाही. म्हणून उतरवताना प्रत्येकीच्या पाठीवर पटाशीनं नंबर कोरायचा.

समितीची सभा भरली. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. सभेत किल्लीनं कान कोरतात आणि कोरून झालं की किल्ली निरखून बघतात. त्यांनी नुकतंच जुन्या वास्तूंच्या जतनावर एक चोपडं वाचलं होतं.

"मूळ वस्तूला हत्यार लावता येणार नाही," ते म्हणाले.

"पाठीवर दोन टिचक्या मारतो हो," मिस्त्री म्हणाले. "छतावर चढल्यावर कुणाच्या बापाला दिसणार नाहीत."

"मिस्त्री, हा वारसा आहे."

"वारसाच आहे. पण त्याला नंबर नको का?"

लोक हसले. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, जणू पटाशी त्यांच्याच पाठीवर चालणार होती. मग ठराव झाला की नंबर खडूनं घालावेत. ठराव मी लिहिला. त्यात 'एकमताने' हा शब्द मीच घातला. मिस्त्रींनी हात वर केला नव्हता हे मला दिसलं होतं.

नऊ दिवसांत मिस्त्रींनी एकशे चौऱ्याऐंशी फळ्या उतरवल्या. पाठीवर मोठाले आकडे, मागच्या पडवीत क्रमानं थप्पी. मी म्हटलं, फोटोही काढून ठेवू. ते काम शिट्टीबाईंनी घेतलं. या आमच्या स्वयंसेवकांच्या प्रमुख, गळ्यात शिट्टी असते, कामाला सुरुवात करताना वाजवतात, संपताना वाजवतात आणि मधे कुणी बसलं तरी वाजवतात. त्यांनी ऐंशी फोटो काढले. सगळ्या फोटोंत माणसं फळी छातीशी धरून हसतायत. फळीची पाठ माणसाच्या पोटाला लागलेली. ऐंशी फोटोंत मिळून दात हजारभर दिसतात, आकडा एक दिसत नाही.

नव्या तुळया चढायला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मिस्त्रींचा खिळा चुकायला लागला. दिव्याभोवती कडी दिसतात म्हणाले. वहिनींनी ओढून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, डावा डोळा जास्त. डॉक्टरांनी चौदा तारखेला ऑपरेशन ठरवलं आणि बजावलं की याच्यापुढे ढकलू नका, हा आजार थांबत नाही आणि गेलेलं परत येत नाही. मिस्त्रींनी हिशेब मांडला. एक तारखेला फळ्या चढवायला घेतल्या की नंबर आहेतच, दहा दिवसांत काम उरकतं. चौदाला दवाखाना. तपासणी तर थेट पुढच्या महिन्याच्या पाचला होती.

मग श्रमदान आलं. काम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी समितीनं घराची सफाई ठेवली. सूचना मी लिहिली. पाणीपुरवठा कार्यालयात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, मोघम लिहिणं मला जमत नाही. मी लिहिलं : 'घरातील सर्व लाकडी सामान पुढील व मागील अशा दोन्ही बाजूंनी साबणाने स्वच्छ धुऊन वाळत ठेवावे.' माझ्या डोळ्यांपुढे कपाटं होती, बाकडी होती. फळ्या माझ्या मनातही आल्या नाहीत. रविवारी मी घरीच राहिलो. पाठ धरलीय असं कळवलं होतं. पाठ धरली नव्हती, मला शिट्टी ऐकवत नाही.

सोमवारी सकाळी मिस्त्री आणि मी बरोबरच गेलो. अंगणभर फळ्या उन्हात उभ्या केल्या होत्या, भिंतीला, कुंपणाला, झाडाला, जिथे जागा मिळेल तिथे. खाली साबणाचं काळं पाणी वाळून पापुद्रा धरला होता. मिस्त्रींनी पहिली फळी उलटून बघितली. मग दुसरी. पाच-सहा बघितल्यावर ते थांबले.

"सगळ्याच?" त्यांनी विचारलं.

शिट्टीबाई आल्याच होत्या, कौतुक करून घ्यायला. "एकही सोडली नाही, मिस्त्री. मागून तर काय घाण होती. कुणीतरी खडूनं पांढरं पांढरं गिरवून ठेवलेलं. काथ्यानं घासलं तेव्हा गेलं."

या बाई त्या सभेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. खडूच्या ठरावाला त्यांनी हात वर केला होता. मला आजही त्यांचं ते घामेजलेलं, समाधानी तोंड आठवलं की जेवण जात नाही. पटाशीच्या दोन टिचक्यांनी ज्यांच्या वारशाला जखम होत होती, त्यांनी तो वारसा नळीनं भिजवून काथ्यानं घासला होता.

मिस्त्री एक बादली पालथी घालून तिच्यावर बसले. पाच मिनिटांनी त्यांनी एक फळी मांडीवर घेतली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरी घेतली. नव्वद वर्षं फळ्या एकमेकींना चिकटून होत्या, एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खोलगा. बोटाला तो कळत होता, डोळ्याला नाही.

"जमेल," ते म्हणाले. "पण महिना जाईल."

"आणि चौदा तारीख?" मी विचारलं.

"पंधरा-वीस दिवसांनी काय आकाश कोसळतंय? डॉक्टर जरा घाबरवतातच."

तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. आत यायलाही तयार नव्हत्या, दारातच बोलल्या.

"भाऊजी, ते माझं ऐकत नाहीत. तपासणी पुढे जायला हवी. नगरपालिकेकडे तुम्ही अर्ज करा. तारीख पुढे गेली की मी त्यांना ओढत दवाखान्यात नेते."

मी त्यांच्या देखत अर्ज लिहिला. दोन महिन्यांची मुदतवाढ मिळावी, कारण अमुक अमुक. त्यावर अध्यक्षांची सही हवी होती. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला, किल्ली कानातून काढली.

"कारण काय लिहिलंय हे? फळ्या धुतल्या गेल्या? हे बाहेर गेलं तर समितीची काय अब्रू राहील? पेपरवाले टपलेलेच आहेत."

"कारण दुसरं लिहितो."

"मुदत मागितली की आपण कच्चे ठरतो. मिस्त्री करतायत ना? मग झालं तर. हे तूर्त राहू द्या."

मी भांडेन असं मला वाटलं होतं. पण मी भांडलो नाही. अर्ज घरी आणून टेबलाच्या खणात टाकला. सहीशिवाय मी तो नेऊन देऊ शकलो असतो, त्या कार्यालयात मला शिपायापासून सगळे ओळखतात. दोन दिवसांनी वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणालो, "दिलाय. बघू काय करतात."

चौदा तारीख आली आणि गेली.

मिस्त्रींनी सगळ्या फळ्या हॉलच्या जमिनीवर मांडल्या. मधोमध गुडघ्यांवर बसून एकेकीची कड चाचपायची, जोडीदारीण शोधायची, जुळवून बघायची, नाही जुळली की परत. कुठल्या दिवशी नऊ जुळायच्या, कुठल्या दिवशी एक. मी रोज जायचो, ते सांगतील ती फळी उचलून द्यायचो. पंधरवड्यानंतर ते मान डावीकडे वळवून बघायला लागले. एकदा चहाचा कप त्यांनी डाव्या बाजूला ठेवला आणि मग तो कुठे गेला म्हणून मला विचारलं. मी उचलून हातात दिला. त्या दिवशी घरी गेल्यावर मी खण उघडला, अर्ज पाहिला आणि खण लावला. असं मी तीनदा केलं. मला स्वतःची शिसारी आली म्हणावं, तर शिसारी येऊनही मी रात्री नीट जेवत होतो.

अध्यक्ष अधूनमधून पाहुणे घेऊन यायचे. मिस्त्री जमिनीवर चाचपडत असायचे आणि हे दारात उभे राहून हळू आवाजात सांगायचे, "बघा, डोळ्यांनी न बघता नुसत्या स्पर्शानं लाकूड ओळखतात. ही विद्या आता लोप पावत चाललीय." पाहुणे माना डोलवायचे. एक जण तर मिस्त्रींचा हात बघायला मागून गेला. मिस्त्रींनी दाखवला आणि पुन्हा कामाला लागले.

तपासणीच्या दोन दिवस आधी एकशे चौऱ्याऐंशीवी फळी बसली. शेवटचे चार दिवस परांचीवर चढताना मी खालून त्यांचा पाय पायरीवर ठेवून देत होतो. काम पुरं झाल्यावर ते खाली उतरले, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि मान वाकडी करून वर बघत राहिले.

"फट दिसते का कुठे?" त्यांनी विचारलं.

मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. पोस्टकार्ड सरकेल एवढीसुद्धा फट नव्हती. तसं सांगितलं.

तपासणीला एक अधिकारीबाई आल्या. दमलेल्या, खांद्याला पिशवी, दिवसातली तिसरी तपासणी असावी. पाच मिनिटं वर पाहिलं, भिंतीवर दोन थापट्या मारल्या आणि सही केली. पाणी पिता पिता म्हणाल्या, "तुमचं नवल वाटतं हं. सगळे मुदतवाढ मागतात. दोन महिने तर मी जागेवर देऊन टाकते, त्यात काय. तुम्ही पहिलेच, ज्यांनी मागितली नाही."

"आमचं ते तत्त्वच आहे," अध्यक्ष म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेलो.

उद्घाटन थाटात झालं. अध्यक्ष पाऊण तास बोलले. श्रमदानाच्या त्या रविवारी आपल्या स्वयंसेवकांनी लाकडाचा मूळ रंग कसा उजळून काढला, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. टाळ्या पडल्या. हॉलच्या भिंतीवर बाईंच्या फोटोशेजारी श्रमदानाचे चार फोटो चौकटीत लावलेत, साबणाच्या फेसात हसणारी माणसं. मिस्त्रींचं नाव आभारांच्या यादीत होतं, मंडपवाल्याच्या नंतर. मिस्त्री तिसऱ्या रांगेत मान डावीकडे वळवून बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डावा डोळा तपासून तसाच सोडला, त्यात आता करण्यासारखं काही नव्हतं. उजवा अर्धामुर्धा वाचला. रंधा धरायचा नाही, शिडी चढायची नाही.

मी महिनाभर त्यांच्या घरी गेलो नाही. मग गेलो. मिस्त्री खिडकीजवळ बसले होते. त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि जवळ बसवून घेतलं. गर्दी असते का, पोरं फळ्यांना हात तर लावत नाहीत ना, पावसात कुठे गळलं का, सगळं विचारलं. वहिनींनी चहा आणला.

"तुमच्या त्या नगरपालिकेला माणुसकी म्हणून नाही," वहिनी म्हणाल्या. "दोन महिने मागितले होते. दोन महिन्यांनी त्यांचं काय वाहून जाणार होतं? नाही म्हणताना हात तरी कसा धजावला?"

"अगं, त्यांच्या हातात काय असतं? वरून हुकूम येतात," मिस्त्री म्हणाले. "आणि यांना कशाला ऐकवतेस? यांनी आपल्या परीनं केलं की. तुम्ही अर्ज दिला होता ना, चिटणीस?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मिस्त्रीही बघत होते, पण माझ्या थोडं उजवीकडे.

"दिला होता," मी म्हणालो.

"झालं तर मग. माणूस याच्यापेक्षा जास्त काय करणार," असं म्हणून त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवायला हात पुढे केला. हात कपाच्या शेजारी टेबलावर पडला. वहिनींनी कप उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या भाऊजी, गार होतोय."

मी तो सगळा प्यायलो.